घोड्याची अडीच घरे आणि दहावीचा निश्चयक

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताची दोन पुस्तके आहेत. भाग १ बीजगणिताचा आणि भाग २ भूमितीचा. दोन्हींचे पेपर वेगळ्या दिवशी, वह्या वेगळ्या, आणि अनेक शाळांत तासही वेगळे. भाग १ च्या पहिल्याच प्रकरणात, दोन चलांतील रेषीय समीकरणे सोडवताना, निश्चयक भेटतो: चार संख्या दोन ओळींत मांडायच्या, तिरके गुणाकार करायचे आणि एकातून दुसरा वजा करायचा. भाग २ च्या पहिल्याच प्रकरणात, म्हणजे समरूपतेत, क्षेत्रफळांची गुणोत्तरे भेटतात: उंची समान असेल तर त्रिकोणांची क्षेत्रफळे पायांच्या प्रमाणात असतात. दोन्ही प्रकरणे शाळा उघडताच, एकाच वर्गात, एकाच फळ्यावर शिकवली जातात, आणि तरीही बीजगणितातला तो निश्चयक म्हणजे भूमितीतले क्षेत्रफळच आहे, ही गोष्ट बहुतेक मुलांच्या कानावर मार्चपर्यंत पडत नाही. पुढे अकरावीत मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांच्या चौकटी, आणि बारावीत सदिश आले की त्यांचीही अशीच स्वतंत्र खाती उघडली जातात. माझ्या मते भूमिती, सदिश आणि मॅट्रिक्स हे तीन विषय नसून एकाच चित्राकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि ते चित्र काढायला आलेखाच्या कागदाची एक वही आणि बुद्धिबळाचा पट एवढे साहित्य पुरते.

घोडा अडीच घरे चालतो, हे बुद्धिबळ न खेळणाऱ्यालाही ठाऊक असते. पटाचा डावीकडचा खालचा कोपरा (०, ०) मानला, उजवीकडे मोजलेली घरे आधी आणि वर मोजलेली घरे नंतर लिहिली, तर घोड्याची एक चाल (२, १) अशी लिहिता येते: दोन घरे उजवीकडे, एक घर वर. आता घोडा कोपऱ्यात असो की पटाच्या मध्यावर, ही चाल तीच राहते. (०, ०) वरून निघालेला घोडा (२, १) या घरात पोहोचतो, (३, ४) वरून निघालेला (५, ५) मध्ये पोहोचतो. घरे बदलली, चाल बदलली नाही. घर म्हणजे बिंदू आणि चाल म्हणजे सदिश. ‘सदिश म्हणजे परिमाण आणि दिशा असलेली राशी’ ही व्याख्या बिनचूक आहे, पण ती पाठ झालेली मुलेही बिंदू आणि सदिश यांची गल्लत करतात, कारण दोन्ही कंसातल्या दोन आकड्यांनीच लिहिले जातात. पटावर ही गल्लत होणे कठीण आहे. घोडा कुठे उभा आहे आणि घोडा कसा चालला, हे दोन निराळे प्रश्न आहेत हे तिथे डोळ्यांना दिसते.

सदिशांची बेरीजही चालीवरूनच समजते. घोडा आधी (२, १) आणि मग (१, २) चालला, तर एकूण (३, ३) सरकला. चालींचा क्रम उलटा केला तरी तो त्याच घरात पोहोचतो, फक्त वाट वेगळी होते. या दोन वाटा कागदावर काढल्या की समांतरभुज चौकोन तयार होतो, आणि नववीत शिकलेला तो चौकोन पुन्हा भेटीला येतो. चालीची लांबी किती, असे विचारले तर पायथागोरसाकडे जावे लागते: २ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, म्हणजे ५, त्याचे वर्गमूळ √५. दहावीतले अंतराचे सूत्र याहून वेगळे काहीही सांगत नाही.

आता तो समांतरभुज चौकोन जवळून पाहू. त्याचे शिरोबिंदू (०, ०), (२, १), (३, ३) आणि (१, २) आहेत. त्याच्याभोवती ३ बाय ३ चा चौरस काढला, तर चौरसाचे क्षेत्रफळ ९ येते. चौकोनाच्या खालच्या अंगाला तीन तुकडे उरतात: एक काटकोन त्रिकोण, एक लहानसा चौरस आणि आणखी एक काटकोन त्रिकोण, आणि गंमत अशी की तिघांचेही क्षेत्रफळ १ च आहे. वरच्या अंगालाही तसेच तीन तुकडे. ९ मधून ६ गेले, ३ उरले. आता (२, १) आणि (१, २) हे दोन स्तंभ शेजारी मांडून निश्चयक काढा: २ × २ उणे १ × १, म्हणजे ३. हे एकदा स्वतःच्या हाताने चौकटी मोजून करावे लागते. फळ्यावर सिद्धता लिहून दिली तर मुले ती उतरवून घेतात आणि विसरतात. आकडे बदलून दोनतीन चौकोन मोजून झाले की एखादे मूल आपणहून विचारते की दोन सदिशांची अदलाबदल केली तर उत्तर ऋण कसे येते. पहिल्या सदिशाकडून दुसऱ्याकडे वळताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गेलो तर धन, काट्यांच्या दिशेने गेलो तर ऋण, एवढे उत्तर त्या वेळी पुरेसे आहे.

एवढी तयारी झाल्यावर क्रेमरच्या पद्धतीकडे, म्हणजे एका निश्चयकाला दुसऱ्याने भागून समीकरणे सोडवण्याच्या रीतीकडे, यावे. ती पद्धत दहावीत पाठ करून घेतली जाते, आणि ती का चालते हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. पुढील दोन समीकरणे घेऊ: २क्ष + य = ५ आणि क्ष + २य = ४. यांच्याकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. आडवे वाचले की दोन रेषा दिसतात आणि त्यांचा छेदनबिंदू शोधायचा असतो. आलेख पद्धतीत आपण हेच करतो. उभे वाचले की दोन चाली दिसतात: (२, १) ही चाल क्ष वेळा आणि (१, २) ही चाल य वेळा चालून घोड्याला (५, ४) या घरात पोहोचवायचे आहे. क्ष किती आणि य किती?

आता (५, ४) आणि दुसरी चाल (१, २) यांच्यावर उभा असलेला समांतरभुज चौकोन काढा. त्याचे क्षेत्रफळ निश्चयकाने ५ × २ उणे १ × ४, म्हणजे ६ येते. (५, ४) हे टोक पहिल्या चालीचे क्ष आणि दुसऱ्या चालीचे य मिळून झालेले आहे. दुसऱ्या चालीचा भाग काढून टाकायचा, म्हणजे ते टोक दुसऱ्या चालीला समांतर असे मागे सरकवायचे. पाया तोच, टोक पायाला समांतर सरकले, म्हणून उंचीही तीच. मग क्षेत्रफळही तेच राहिले. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून बाजूने तिरका ढकलला तर त्याचा आकार बदलतो, पण पत्ते तेवढेच राहतात, तसे हे आहे. सरकवल्यावर जो चौकोन उरला त्याच्या बाजू आहेत क्ष वेळा पहिली चाल आणि एक वेळा दुसरी चाल. त्याचे क्षेत्रफळ मूळ चौकोनाच्या क्ष पट, म्हणजे ३क्ष. तेव्हा ३क्ष = ६ आणि क्ष = २. याच रीतीने य काढला तर (२ × ४ उणे ५ × १) भागिले ३, म्हणजे १ येतो. घोडा पहिली चाल दोनदा आणि दुसरी एकदा चालला की (५, ४) मध्ये उभा राहतो. क्रेमरचा नियम म्हणजे दोन क्षेत्रफळांचे गुणोत्तर, आणि ते सिद्ध करायला लागले ते समान उंचीचे साधे विधान, जे भाग २ च्या पहिल्या पानांवर छापलेले असते.

निश्चयक शून्य आला तर एकमेव उत्तर नाही, हेही मग नियम म्हणून सांगावे लागत नाही. (२, १) आणि (४, २) या दोन चाली एकाच रेषेवर आहेत, त्यांचा चौकोन चपटा होऊन रेघ झाला आहे, आणि त्या रेघेबाहेरच्या घरात या चालींनी जाताच येणार नाही. घर रेघेवरच असेल तर उलट जायच्या वाटा अनंत. निश्चयक ३ असला तरी एक खोच उरतेच: (२, १) आणि (१, २) या दोनच चाली, पुढे-मागे कितीही वेळा, वापरायच्या ठरवल्या तर (४, ४) मध्ये पोहोचता येत नाही, कारण उत्तर ४/३ येते आणि घोडा चार तृतीयांश वेळा चालत नाही. पट चारी बाजूंनी हवा तेवढा वाढवला, तर पोहोचण्याजोगी घरे बरोबर तिनांत एक या प्रमाणात सापडतात. तो तीन म्हणजे निश्चयकातलाच तीन. ही घरे रंगवायला दिली तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नक्षी उमटते, आणि भूमिती न आवडणारी मुलेही ती आवडीने रंगवतात.

या पद्धतीचा जन्म भूमितीतूनच झाला, हे इथे सांगितले पाहिजे. जिनिव्हाच्या गाब्रिएल क्रेमरने १७५० साली ती छापली ती बैजिक वक्रांवरच्या ग्रंथात; दिलेल्या बिंदूंतून जाणारा वक्र कसा शोधायचा हा त्याचा प्रश्न होता. मॅट्रिक्स हा शब्द त्यानंतर शंभर वर्षांनी, १८५० मध्ये, जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टरने योजला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्भाशय असा आहे, कारण सिल्व्हेस्टरच्या दृष्टीने आकड्यांच्या त्या चौकटीतून निश्चयक जन्माला येत होते. चौकटींचा आपापसांत गुणाकार करण्याचे रीतसर शास्त्र आर्थर केली याने १८५८ मध्ये मांडले. म्हणजे निश्चयक आधी आणि मॅट्रिक्स नंतर हा दहावी-अकरावीचा क्रम इतिहासाला धरूनच आहे. फक्त इतिहासात त्या दोहोंच्या मागे जे प्रश्न होते, ते आपल्या वर्गात पोहोचत नाहीत.

मॅट्रिक्सचा गुणाकार हा अकरावीतला खरा अडथळा आहे. बेरीज करताना घराला घर मिळवायचे, मग गुणाकार करताना ओळीला स्तंभाने कशासाठी गुणायचे? मुलांना हा जाच वाटतो आणि त्यांची तक्रार रास्त आहे, कारण बहुतेकदा त्यांना कारण न सांगता कृती दिलेली असते. कारण घोड्यापाशी आहे. २ बाय २ चे मॅट्रिक्स म्हणजे सगळ्या पटाला एकदम हलवणारी आज्ञा समजा. तिचा पहिला स्तंभ सांगतो की (१, ० ) ही चाल कुठे जाते, आणि दुसरा स्तंभ सांगतो की (०, १) कुठे जाते. बाकी सगळ्या चाली या दोहोंच्याच बनलेल्या असल्यामुळे आणखी काही सांगावे लागत नाही. पट काट्यांच्या उलट दिशेने चतकोर फिरवला, तर (१, ०) ची (०, १) होते आणि (०, १) ची (−१, ०) होते. तेव्हा फिरवण्याच्या मॅट्रिक्सची पहिली ओळ ०, −१ आणि दुसरी ओळ १, ०. घोड्याच्या (२, १) चालीवर ही आज्ञा चालवली तर (−१, २) मिळते, म्हणजे पुन्हा घोड्याचीच चाल. दुसरी आज्ञा आडव्या अक्षात परावर्तन करण्याची घेऊ: तिची पहिली ओळ १, ० आणि दुसरी ओळ ०, −१. तिने (२, १) ची (२, −१) होते. या दोनच आज्ञा उलटसुलट वापरून एका चालीपासून घोड्याच्या आठही चाली मिळतात.

दोन आज्ञा एकापाठोपाठ दिल्या तर त्यांची मिळून एकच आज्ञा होते, आणि त्या एका आज्ञेचे मॅट्रिक्स म्हणजेच गुणाकार. आधी फिरवून मग परावर्तित केले, तर (२, १) ची आधी (−१, २) आणि मग (−१, −२) होते. आधी परावर्तित करून मग फिरवले, तर (२, −१) आणि मग (१, २) होते. दोन्ही उत्तरे एकमेकांच्या नेमकी विरुद्ध दिशेला! मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला तर उत्तर बदलू शकते, हे वाक्य इथे कुणालाही पाठ करावे लागत नाही. पायमोजा घालून मग बूट घालणे आणि बूट घालून मग पायमोजा घालणे यांत फरक आहे, हे जितके उघड आहे तितकेच हेही उघड होते. आणि घराला घर गुणले तर काय झाले असते? एका चौकटीत आकडे कर्णांपैकी एकावर आहेत आणि दुसरीत दुसऱ्यावर, त्यामुळे चारही घरांत शून्य आले असते. फिरवणे आणि परावर्तित करणे या दोन सरळ कृती केल्यावर सगळा पट एका बिंदूत गडप झाला, असे ते उत्तर सांगते. हे एक उदाहरण फळ्यावर करून दाखवले की ओळ गुणिले स्तंभ या नियमावरचा मुलांचा राग बराच कमी होतो.

एकदा ही दृष्टी आली की भूमितीतली जुनी प्रमेये नव्याने ओळखू येतात. (२, १) आणि तिची चतकोर फिरवलेली चाल (−१, २) यांचा चौकोन चौरस असतो, त्याचा निश्चयक २ × २ अधिक १ × १, म्हणजे ५. आकड्यांच्या जागी अ आणि ब घातले तर कर्णावरच्या चौरसाचे क्षेत्रफळ अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग एवढे होते, आणि हे पायथागोरसचे प्रमेय आहे. तेच चित्र ३ बाय ३ च्या चौरसात बसवून चारी कोपऱ्यांतले त्रिकोण वजा केले तर प्रमेयाची ओळखीची कागदकापी सिद्धता समोर येते. आकृती सर्व बाजूंनी तिप्पट करणारे मॅट्रिक्स घेतले तर त्याचा निश्चयक ९ येतो. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर संगत बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढे का, त्याचे कारण त्या ९ मध्ये आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग युक्लिडची भूमिती काढूनच टाकावी. असे म्हणणारे होऊन गेले आहेत आणि ते लहान माणसे नव्हती. १९५९ साली पॅरिसजवळच्या रोयोमाँ येथे शालेय गणिताच्या सुधारणेवर एक परिसंवाद झाला, तिथे झाँ द्यूदोने या थोर फ्रेंच गणितज्ञाने ‘युक्लिड चालता होवो’ अशा अर्थाची घोषणा दिली आणि त्याच्या जागी सदिश आणि मॅट्रिक्स यांचे रेषीय बीजगणित आणावे असे सुचवले. पुढच्या दशकात अनेक देशांत नव्या गणिताची लाट आली, इंग्लंडमध्ये तर शाळकरी मुले मॅट्रिक्सने आकृत्या फिरवू लागली, आणि मग यथावकाश ती लाट ओसरलीही. मला ती घोषणा पटत नाही, पण तिच्यातली अर्धी गोष्ट खरी वाटते, आणि ती अर्धी कोणती हे प्रमेयांवरूनच ठरवावे.

मध्यबिंदूचे प्रमेय पाहा. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मा असतो. नववीत आपण यासाठी एक रेषाखंड वाढवतो, एकरूप त्रिकोण शोधतो, समांतरभुज चौकोन सिद्ध करतो. ती वाढवलेली रेघ मुलांना सुचत नाही, दाखवावी लागते. सदिशांनी एका शिरोबिंदूपासून दोन बाजूंना प आणि फ म्हटले, की मध्यबिंदूंना जोडणारा सदिश फ/२ − प/२, म्हणजे (फ − प) च्या निम्मा, आणि फ − प हीच तिसरी बाजू. समांतर आणि निम्मा या दोन्ही गोष्टी एका ओळीत मिळाल्या. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हेही सदिशांच्या अदिश गुणाकाराने (त्याचे उत्तर सदिश नसून एक संख्या असते, आणि काटकोनात ती शून्य येते) एका ओळीत येते. पण एकाच कंसातील अंतर्लिखित कोन एकरूप असतात, हे सदिशांनी सिद्ध करायला बसा, म्हणजे त्रिज्या काढून समद्विभुज त्रिकोण शोधणारी जुनी सिद्धता किती देखणी आहे ते कळेल. शिवाय ‘हे दिले आहे, हे सिद्ध करायचे आहे, हे कशावरून’ अशी कारणे देत पुढे जाण्याची सवय ज्या वयात लागायची, त्या वयात ती भूमितीच लावते. लांबी, मध्य, समांतरता, क्षेत्रफळ यांचा प्रश्न असेल तिथे सदिश बोलवावेत. कोन आणि वर्तुळांच्या दुनियेत युक्लिडला राहू द्यावे.

आपल्याकडची मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती वेळापत्रकाची आहे. मंडळाच्या २०१९ च्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसऱ्याच प्रकरणात सदिश येतात, त्यांचे दोन्ही गुणाकारही येतात, आणि गणितात मात्र सदिशांचे प्रकरण बारावीत. त्यामुळे सदिश पहिल्यांदा शिकवण्याचे काम भौतिकशास्त्राच्या शिक्षकांवर येते. त्यांना पुढची गती आणि बले गाठायची घाई असते, आणि मुले बाण काढायला शिकतात पण ते बाण दहावीच्या निर्देशक भूमितीतलेच आहेत हे त्यांच्या ध्यानात येत नाही. त्यातच मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा निश्चयक अकरावीत डिटरमिनंट होतो आणि सदिश व्हेक्टर होतो. दहावीत शिकलेले विभाजनाचे सूत्र बारावीत सदिशांच्या पोशाखात पुन्हा येते तेव्हा पुष्कळ मुले ते नवे सूत्र म्हणून दुसऱ्यांदा पाठ करतात. दहावीच्या जूनमध्ये आलेखाच्या कागदाचे दोन तास काढले, तर हा सांधा आधीच जुळलेला राहील, आणि त्यासाठी अभ्यासक्रमातले एक अक्षरही बदलावे लागणार नाही.

बारावीत त्या दोन तासांचा उपयोग सगळ्यात जास्त कुठे होतो, तर तीन सदिशांच्या अदिश गुणाकारापाशी. तिथे ३ बाय ३ चा निश्चयक येतो आणि पुस्तक म्हणते की हे तीन सदिशांवर उभ्या असलेल्या तिरप्या पेटीचे घनफळ आहे. ज्या मुलाने (२, १) आणि (१, २) यांच्यामधल्या चौकटी मोजून ३ काढलेले असतात, ते या ओळीवर अडत नाही. पटाला जाडी आली एवढेच त्याला नवे असते, आणि ते घनफळ शून्य आले तर तिन्ही सदिश एकाच प्रतलात झोपले आहेत, हे ते पुढची ओळ वाचायच्या आधीच सांगते.